न्याय्य कुरकुर : संत बेनेडिक्ट ह्यांच्या नियमावलीतील मठाधिपती

पोप संत ग्रेगरी ह्यांनी इ.स. ५९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या 'संवाद' ह्या ग्रंथाचा दुसरा भाग संत बेनेडिक्ट ह्यांच्या चरित्राला वाहिलेला आहे. त्याच्या आरंभीच एक प्रसंग येतो. सुबियाकोच्या गुहेत एकान्तवास करणाऱ्या ह्या तरुण तपस्व्याकडे एका मठातील संन्यासी येतात. त्यांचा मठाधिपती निवर्तलेला असतो. त्याची जागा बेनेडिक्ट ह्यांनी घ्यावी, अशी त्यांची विनंती असते. आपली रीत आणि तुमची रीत जुळावयाची नाही, असे सांगून बेनेडिक्ट प्रथम नकार देतात. परंतु शेवटी आग्रहापुढे त्यांना नमावे लागते. मठात आल्यावर ते कडक शिस्त लावू लागतात. थोड्याच काळात, ज्यांनी त्यांना विनवण्या करून आणले तेच संन्यासी त्यांच्या द्राक्षारसात विष कालवतात. पात्रावर क्रूसाची खूण करताच ते पात्र फुटते. बेनेडिक्ट त्या मंडळींना क्षमा चिंतितात आणि पुन्हा आपल्या एकान्ताची वाट धरतात.

प्रवचनातून हा प्रसंग सांगताना आपण बहुधा फुटलेल्या पात्रापाशी थांबतो. चमत्काराच्या तेजात त्याच्या आड उभी असलेली साधी गोष्ट दिसेनाशी होते. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेच्या मठजीवनाला पुढे ज्यांच्या नियमावलीने वळण दिले, त्यांचे मठाधिपती म्हणून पडलेले पहिले पाऊल साफ फसले होते. ते पवित्र होते, ते योग्य तेच सांगत होते, आणि तरीही एक बिघडलेले घर त्यांच्याने सुधारले नाही. ग्रेगरींशी संवाद करणारा डीकन पीटर येथे नेमका प्रश्न विचारतो. एकदा पत्करलेल्या माणसांना असे सोडून जाणे योग्य होते काय? ग्रेगरींच्या उत्तराचा आशय असा, की जेथे साह्य करण्याजोगे थोडे तरी भले लोक असतात तेथे वाइटांना सोसण्यात अर्थ आहे. जेथे तसे कोणीच नाही तेथे श्रम तर वाया जातातच, शिवाय सोसणारा स्वतःलाही गमावून बसतो. उत्तर शहाणपणाचे आहे. तथापि आमच्या मते पीटरच्या प्रश्नाचे अधिक सखोल उत्तर बेनेडिक्ट ह्यांनीच पुढे दिले, आणि ते त्यांच्या नियमावलीत आहे. ग्रेगरी हे बेनेडिक्ट ह्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, भक्तिभावाने लिहीत होते, हे आम्ही विसरत नाही. विषाचा प्रसंग अक्षरशः तसाच घडला की नाही, ह्या वादात आम्ही शिरत नाही. नियमावली हातात घेतली की एवढे मात्र जाणवते, की ही लिहिणाऱ्याने मोडलेली घरे आतून पाहिलेली आहेत.

ही नियमावली मोन्ते कासिनो येथील मठात, सहाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात केव्हातरी आकाराला आली असावी. प्रस्तावना आणि ७३ अध्याय, एवढाच तिचा पसारा. काही अध्याय तर जेमतेम आठदहा ओळींचे आहेत. रात्रीच्या प्रार्थनेत स्तोत्रे किती म्हणावीत, अंथरूण-पांघरूण कसे असावे, आजाऱ्यांना मांस द्यावे की नाही, दरवाजाशी कोणी बसावे, अशा गोष्टी तिच्यात ठासून भरल्या आहेत. तत्त्वचिंतनाच्या अपेक्षेने ती उघडणारा वाचक प्रथम निराशच होतो. आमच्याही सेमिनरीच्या दिवसांत ती 'ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक टप्पा' म्हणून परीक्षेपुरती शिकविली गेली. ग्रंथ म्हणून ती वाचण्याची वेळ पुष्कळ नंतर आली.

अलीकडे तिला एक नवाच वाचकवर्ग लाभला आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या जगात 'संघटनेची संस्कृती' हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. एडगर शाइन ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये 'ऑर्गनायझेशनल कल्चर अँड लीडरशिप' हा ग्रंथ लिहून ह्या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. भिंतीवर टांगलेल्या ब्रीदवाक्यांपेक्षा नेता रोज कशाकडे लक्ष देतो, संकट आले असता कसा वागतो, पैसा आणि पदे कोणाला देतो, ह्यांवरून संस्थेतील माणसे काय ते ओळखतात, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. ह्या लाटेत संत बेनेडिक्टही कंपन्यांच्या सभागृहात जाऊन पोहोचले. त्यांच्या नियमावलीतून नेतृत्वाचे धडे वेचून देणारी इंग्रजी पुस्तके निघाली. आम्ही त्यांतील काही चाळली आहेत. मठाधिपतीने दरारा बसविण्यापेक्षा प्रेम संपादन करावे, ह्यासारखी चार-सहा सुवचने त्यांत हटकून आढळतात. ती खरी आहेत. पण नियमावली ही सुभाषितांची पेटी नव्हे. तिचे बळ सुवचनांत थोडे आणि व्यवस्थेच्या कलमांत अधिक आहे. शाइनचे प्रतिपादन खरे मानावयाचे तर ६४ व्या अध्यायातील गोड वाक्यांपेक्षा स्वयंपाकघराचा ३५ वा अध्याय आधी वाचला पाहिजे. ही पुस्तके नेमका तोच गाळतात.

नियमावलीचे मर्म कळण्यासाठी तिच्या शेजारी दुसरा एक ग्रंथ ठेवावा लागतो. 'गुरूचा नियम' ह्या नावाने ओळखला जाणारा एक निनावी लॅटिन ग्रंथ आहे, बेनेडिक्ट ह्यांच्या नियमावलीच्या सुमारे तिप्पट लांबीचा. दोन्हींत कित्येक परिच्छेद शब्दशः सारखे आहेत. निनावी लेखकाने बेनेडिक्ट ह्यांचे उचलले, असेच शतकानुशतके गृहीत धरले जात होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हा समज प्रथम हलला. मोठ्या वादानंतर, विशेषतः अदाल्बेर द व्होग्युए ह्या फ्रेंच बेनेडिक्टाइन पंडिताच्या श्रमांनंतर, बहुतेक अभ्यासकांनी उलट क्रम मान्य केला आहे. 'गुरूचा नियम' आधीचा. बेनेडिक्ट ह्यांनी तो समोर ठेवून लिहिले. संताची मौलिकता गेली म्हणून काही भाविकांना तेव्हा वाईट वाटले. आम्हांला ह्यात लाभच लाभ दिसतो. बेनेडिक्ट ह्यांनी काय ठेवले, काय टाकले, कोठे थांबून स्वतःची भर घातली, हे आता ओळीओळीत पाहता येते. त्यांचा हात नेमका कोठे चालला, हे कळते.

'गुरू' माणसांकडे संशयाने पाहतो. त्याच्या मठात पाहुणा उतरला तर रात्री त्याने काही चोरून नेऊ नये म्हणून दोन बंधूंनी पाळत ठेवावयाची असते. उत्तराधिकाऱ्याची त्याची योजना तर मोठी चतुर आहे. मठाधिपतीने कोणालाही आपल्यानंतरचा म्हणून जाहीर करू नये. म्हणजे पद आपल्याला मिळेल ह्या आशेने सगळेच नम्रतेत आणि सत्कृत्यांत एकमेकांवर कडी करू लागतील, आणि शेवटी मठाधिपती त्यांतून एकाची निवड करील. नम्रतेची शर्यत! अशा घरात वीस वर्षे काढलेल्या माणसांचे चेहरे कसे होत असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. प्रत्येक सद्गुण वर बसलेल्या एका माणसाच्या नजरेसाठी. शेजारच्या बंधूला पाणी दिले तरी ते वर दिसावे म्हणून. बेनेडिक्ट ही सगळी योजना काढून टाकतात. मठाधिपती समुदायाने निवडावा, असे ते सांगतात. एका संपूर्ण घराचा श्वास मोकळा होण्यास एवढा एक बदल पुरे आहे.

सल्लामसलतीचे उदाहरण आणखी बोलके आहे. 'गुरू'च्या ग्रंथातही बंधूंचा सल्ला घेण्याची तरतूद आहे. परंतु ती मठाधिपतीवरील अध्यायाच्या शेपटाला जोडलेली, आणि मठाची मालमत्ता सर्वांची आहे म्हणून सर्वांना विचारावे, ह्या धोरणाची. बेनेडिक्ट तिला स्वतंत्र तिसरा अध्याय देतात आणि तिचे कारणच बदलून टाकतात. महत्त्वाच्या प्रत्येक बाबीत सर्वांना बोलवावयाचे, कारण श्रेष्ठ मार्ग कोणता हे प्रभू अनेकदा वयाने लहान असलेल्याला प्रकट करतो. पुढे ६३ व्या अध्यायात ते ह्याचा शास्त्राधारही देतात. शमुवेल आणि दानीएल ह्यांनी बालवयातच वडीलधाऱ्यांचा न्याय केला होता. अंतिम निर्णय मठाधिपतीचाच, ह्याविषयी बेनेडिक्ट ह्यांच्या मनात संदेह नाही. हे लोकशाहीचे प्रकरण नव्हे. मात्र निर्णय घेण्यापूर्वी त्याला सर्वांत धाकट्याचे म्हणणे कानांवर घ्यावेच लागते. ६१ व्या अध्यायात तर ते ह्यापुढे जातात. दूरदेशचा कोणी संन्यासी पाहुणा म्हणून आला आणि त्याने नम्रपणे मठातील काही उणे दाखवून दिले, तर मठाधिपतीने शांतपणे विचार करावा. कदाचित प्रभूने त्याला ह्याच कामासाठी धाडले असेल. ज्या पाहुण्यावर 'गुरू' पहारा बसवितो, त्याच्याकडून बेनेडिक्ट टीका ऐकून घेण्याची तयारी ठेवतात. नियमावलीचे पहिलेच क्रियापद 'ऐक' असे आहे, आणि ते शिष्याला उद्देशून आहे. परंतु ग्रंथ पुढे सरकतो तसतसे ऐकण्याचे ओझे हळूहळू मठाधिपतीच्या खांद्यावर येऊ लागते.

येथे आमच्या धर्मग्रामांची आठवण न होणे अशक्य आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने ५३७ व्या कलमान्वये प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली. पाळकीय मंडळाचा निर्णय मात्र ५३६ व्या कलमान्वये महागुरुस्वामींवर सोपविला, आणि त्या मंडळाचे मत केवळ सल्ल्याचे ठरविले. रोममधील सिनडच्या ऑक्टोबर २०२४ मधील अंतिम दस्तऐवजाने अशी सहभागाची मंडळे सर्वत्र अनिवार्य करावीत, असा आग्रह धरला आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण 'केवळ सल्ला' ह्या दोन शब्दांमागे आम्ही धर्मगुरुमंडळींनी किती आराम शोधला आहे, हे प्रापंचिक बंधुभगिनींना ठाऊक आहे. आधीच ठरलेली गोष्ट सभेपुढे ठेवावयाची, दोन ज्येष्ठांनी मान डोलवावयाची, मग चहा. विरारच्या गाडीत लोंबकळत रात्री घरी पोहोचणारा तरुण ज्या सभेला येऊच शकत नाही अशी तिची वेळ ठेवावयाची आणि तरुण पुढे येत नाहीत, अशी खंतही करावयाची. बेनेडिक्ट ह्यांच्याही मठात मत सल्ल्याचेच होते. त्याला वजन आले ते धाकट्याचे म्हणणे ऐकल्यावाचून पुढे जावयाचे नाही, ह्या बंधनामुळे. त्याच धर्मविधिसंहितेचे १२७ वे कलम सांगते, की जेथे कायद्याने सल्ला घेणे आवश्यक आहे तेथे तो न घेता केलेली वरिष्ठाची कृती अवैध ठरते. हे कलम आमच्यापैकी कितीजण पुन्हा उघडून पाहतात, कोण जाणे.

आता कुरकुरीविषयी. सबंध नियमावलीत ज्याच्यावर बेनेडिक्ट सर्वाधिक चिडलेले दिसतात ते पाप म्हणजे कुरकुर. मूळ लॅटिन शब्द 'मुर्मुरातिओ', आमच्या 'कुरकुर', 'पुटपुट' ह्या शब्दांसारखाच नादावरून घडलेला. इस्राएल लोकांनी रानात मोशेविरुद्ध केली तीच ही. तोंडावर हो म्हणावयाचे आणि पाठ फिरताच दाताखाली पुटपुटावयाचे, ह्याने सामुदायिक जीवन कसे कुजते, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते. आज्ञापालनाच्या अध्यायात, अन्नाच्या, वाटपाच्या, द्राक्षारसाच्या अध्यायांत हा इशारा पुनःपुन्हा येतो. एखादा सामान्य शिस्तप्रिय लेखक इशारा देऊन थांबला असता. बेनेडिक्ट ४१ व्या अध्यायात, जेवणाच्या वेळा ठरविताना, ह्या शब्दाला एक विशेषण जोडतात. मठाधिपतीने सगळी व्यवस्था अशी लावावी, की बंधूंना आपले काम न्याय्य कुरकुरीवाचून करता यावे, असा त्या वाक्याचा आशय आहे.

न्याय्य कुरकुर! म्हणजे अन्यायाची कुरकुर जशी असते तशी न्यायाचीही असते, आणि तिला कारण मठाधिपती असतो. एका विशेषणाने दोषाचा काटा उलट फिरला. उन्हाळ्यात बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतरपर्यंत उपास, हा सर्वसाधारण नियम. मात्र शेतात काम असेल किंवा उष्मा फार असेल, तर मध्याह्नीच जेवू द्यावे. ते पाहण्याची जबाबदारी मठाधिपतीची. उन्हात राबून आलेल्या माणसाला उपाशी ठेवून वर त्याला 'कुरकुरू नकोस' असे सांगणे, हे बेनेडिक्ट ह्यांच्या लेखी अध्यात्म नव्हे. म्हणूनच ३५ व्या अध्यायात आठवड्याच्या पाळीने वाढणाऱ्या बंधूंना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय देण्यास ते सांगतात. सर्वांना वाढताना त्यांच्या मनात कडवटपणा येऊ नये म्हणून. ३९ व्या अध्यायात शिजविलेले पदार्थ दोन ठेवतात. एक ज्याला चालत नसेल त्याने दुसरा खावा. द्राक्षारसाविषयी तर त्यांनी चक्क हार मानली आहे. संन्याशांनी तो मुळीच घेऊ नये हे खरे, पण आजच्या काळात त्यांना हे पटविणे शक्य नाही, तेव्हा निदान बेताने घ्यावा, असे ते म्हणतात. धर्मशिक्षकाच्या लेखणीतून उतरलेली ह्याहून प्रांजळ कबुली आमच्या वाचनात नाही. विषाचा पेला ज्याच्यापुढे आला होता त्या माणसाने पुढे प्रत्येकाच्या पेल्याचे माप ठरवून दिले, हा योगायोग मानावयाचा असेल तर खुशाल मानावा.

कोठावळ्यावरील ३१ वा अध्याय आम्ही सर्व संस्थाचालकांना पाठ करावयास लावला असता. मठाची भांडीकुंडी, अवजारे त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत, हे त्यातील प्रसिद्ध वचन सर्वांना माहीत असते. त्याच्या आसपासचे बारकावे मात्र कोणी सांगत नाही. कोणी अवाजवी मागणी केली तर त्याला झिडकारून दुखवू नये, कारण सांगून नम्रपणे नाही म्हणावे. देण्यासारखे काही नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. जे द्यावयाचे ते ठरल्या वेळी, ताटकळत न ठेवता द्यावे, म्हणजे देवाच्या घरात कोणी अस्वस्थ होऊ नये वा दुःखी होऊ नये. समुदाय मोठा असेल तर कोठावळ्याला मदतनीस द्यावेत, म्हणजे त्याचेही मन शांत राहील. एखाद्या शाळेच्या वा दवाखान्याच्या कचेरीत साध्या दाखल्यासाठी तीन चकरा मारलेल्या माणसाला ह्या ओळींचे मोल समजावून सांगावे लागत नाही. त्या खिडकीशी जे घडते तीच त्या संस्थेची खरी शिकवण. सभागृहातील प्रवचन नंतर.

मठाधिपतीविषयी नियमावलीत दोन अध्याय आहेत, दुसरा आणि चौसष्टावा. एकाच विषयाला दोनदा हात घालणे हा रचनेचा दोष वाटेल. दुसरा अध्याय बराचसा 'गुरू'कडून आलेला आहे. त्यातील मठाधिपती ख्रिस्ताच्या जागी बसलेला शिक्षक आणि मेंढपाळ आहे. त्याच्या डोक्यावर अंतिम न्यायाची तलवार लोंबत आहे. कळपात जे उणे निघेल त्याचा हिशेब त्याला द्यावयाचा आहे. वाक्ये लांब, सूर धाकाचा. चौसष्टावा अध्याय बेनेडिक्ट ह्यांचा स्वतःचा. तेथे वाक्ये आखूड होतात आणि प्रतिमा घरगुती बनतात. भांड्याचा गंज फार खरवडू नये, भांडेच फुटेल. कळप एका दिवसात फार हाकू नये, तो मरून जाईल. आपला दुबळेपणा मठाधिपतीने नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा. त्याने संशयी असू नये, कारण संशयी माणसाला कधी विसावा मिळत नाही. बलवानाला झेपावण्यासाठी काही उरावे आणि दुर्बळाने पळून जावे असे काही नसावे, अशा बेताने त्याने सर्व काही करावे. प्रेम आणि दरारा ह्यांच्या तुलनेत येथे संत ऑगस्टीन ह्यांच्या नियमाची छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखविले आहेच. पण ही सगळी भाषा अशा माणसाची आहे, ज्याने एकदा भांडे फार खरवडले होते. दोन अध्यायांतील अंतर हे एका मठाधिपतीच्या वयातील अंतर आहे, असे आम्हांला वाटते. पुरावा मागाल तर शैलीखेरीज दुसरा नाही.

मराठी वाचकाला येथे समर्थ रामदासांची आठवण होईल. दासबोधात महंताच्या लक्षणांवर स्वतंत्र समास आहे, आणि समुदाय कसा बांधावा ह्याचा विचार रामदासांइतका आमच्या भाषेत क्वचितच कोणी केला असेल. तुलना मोहक आहे, पण ती फार ताणू नये. रामदासांचा महंत फिरता आहे. तो माणसे पारखतो, जोडतो आणि त्यांतून नवे महंत घडवितो. बेनेडिक्ट ह्यांचा मठाधिपती जागचा हलत नाही. ज्याला त्याने सकाळी दुखविले त्याच्याच शेजारी त्याला रात्री प्रार्थनेला उभे राहावयाचे असते, आणि हे मरेपर्यंत. आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंची तर दर काही वर्षांनी बदली होते. नवा प्रमुख धर्मगुरू येतो, चर्चला नवा रंग लागतो, ग्रोटो इकडचा तिकडे होतो, आणि आधीच्याने केलेल्या जखमा आधीच्याच धर्मग्रामात राहतात. ज्यांच्यावर त्या झाल्या ते काही बदलून जात नाहीत.

एवढी वाखाणणी केल्यावर ह्या ग्रंथाची दुखरी बाजू झाकून ठेवणे टीकाकाराला शोभणार नाही. मुलांना आणि शब्दाने न सुधारणाऱ्यांना छडीची शिक्षा तो सांगतो, ती त्या काळाची म्हणून बाजूला ठेवता येईल. ६९ वा अध्याय मात्र तसा बाजूला सारता येत नाही. मठात कोणीही, रक्ताचे नाते असले तरी, दुसऱ्या बंधूची बाजू घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहू नये. तसे करणाऱ्याला कठोर शिक्षा व्हावी, असे तो बजावतो. हेतू उघड आहे. गटबाजीने मठ कसे फुटतात हे बेनेडिक्ट ह्यांनी पाहिले होते. ६५ व्या अध्यायात, उपमठाधिपतीच्या पदातून उद्भवणाऱ्या तट्यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी किती तापली आहे, ते वाचावे. पण गटबाजी थांबविण्यासाठी त्यांनी जी कडी लावली तिने अन्याय झालेल्याच्या सोबतीचे दारही बंद झाले.

ह्याच्या जोडीला दुसरी उणीव येते. उपमठाधिपती उद्दाम झाला तर त्याला समज देण्यापासून पदच्युत करण्यापर्यंतची पायरीपायरीची वाट नियमावलीत आहे. मठातील धर्मगुरू बिघडला तर त्याच्याही हकालपट्टीची सोय आहे. समुदायाने संगनमताने दुराचाराला पाठीशी घालणारा मठाधिपती निवडला, तर तेथील महागुरूंनी, शेजारच्या मठाधिपतींनी आणि भाविकांनी हस्तक्षेप करावा, हेही ६४ व्या अध्यायात आहे. परंतु जो चांगला म्हणून निवडला गेला आणि नंतर बिघडला, त्याचे काय? येथे बेनेडिक्ट केवळ अंतिम न्यायाकडे बोट दाखवितात. आम्ही त्या न्यायावर श्रद्धा ठेवतो. पण तेथवर किती आत्मे चिरडले जातात, हे गेल्या काही दशकांत ख्रिस्तसभेच्या शाळांतून, सेमिनऱ्यांतून आणि मठांतून जगभर बाहेर आलेल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांनी दाखविले आहे. अनेक ठिकाणी आसपासच्यांना ते कळलेले होते. बोलणाऱ्याला घरभेदी ठरविले गेले. पोप फ्रान्सिस ह्यांनी ७ मे २०१९ रोजी 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हा कायदा काढून धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर अशा गुन्ह्यांची खबर देण्याचे बंधन घातले. बिशपांना आणि संघांच्या वरिष्ठांनाही त्याच्या कक्षेत आणले आणि खबर देणाऱ्यावर सूड उगविण्यास मनाई केली. ज्या गोष्टीला ६९ वा अध्याय शिक्षा सांगतो, तिच्यातील एक भाग आता कर्तव्य झाला आहे.

गंमत अशी, की ह्या कडीची किल्लीही नियमावलीतच अर्धवट घडविलेली सापडते. २७ व्या अध्यायात, बहिष्कृत बंधूविषयी, बेनेडिक्ट मठाधिपतीला कुशल वैद्याप्रमाणे वागावयास सांगतात. त्याने वयोवृद्ध, समंजस बंधू त्याच्याकडे जणू गुपचूप पाठवावेत. त्यांनी त्याचे सांत्वन करावे, त्याला दुःखाने खचू देऊ नये. शिक्षा देणाऱ्यानेच शिक्षा झालेल्याच्या बाजूला माणसे उभी करावीत, ही कल्पना किती थोर आहे! पण ते वृद्ध बंधू जातात ते मठाधिपतीच्या आज्ञेने. ज्या घरात घाव मठाधिपतीच्याच हातचा असेल, तेथे त्यांना कोणी पाठवावयाचे, ह्याविषयी नियमावली काही सांगत नाही. अभ्यासकांचा तर्क असा आहे, की ६६ व्या अध्यायाशी मूळ ग्रंथ संपला होता आणि पुढचे अध्याय बेनेडिक्ट ह्यांनी उत्तरवयात जोडले. बाजू घेण्याची बंदी आणि बंधूंनी परस्परांची आज्ञा पाळावी असे सांगणारा ७१ वा अध्याय, दोन्ही ह्या जोडलेल्या पानांत एकमेकांजवळ येतात. वृद्ध मठाधिपतीने ती दोन्ही पाने तशीच ठेवली आहेत.